खोडावरची खूण

तार आवळताना फांदी कर्रकन वाजली तसा संध्याने हात थांबवला. तुटली नव्हती. अझेलियाची फांदी दिसते दणकट, पण वाकवायला गेलं की कुरडईसारखी मोडते, हे तिला एव्हाना कळलं होतं.

तिचा नवरा मगन सुरतहून बसने निघाला होता. मुलाकडे राहून दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढून येत होता. धर्मेंद्रने फोनवर मोठ्या कौतुकाने सांगितलं, "माय, बाबाले आते मुंगी बी दिखस!"

फोन ठेवल्यापासून संध्या तारेला भिडली होती. कारण खरं झाड परसातल्या उकिरड्यावर वाळून पडलं होतं.

ते निशाचं झाड. लेक लोणखेड्याच्या कॉलेजात असताना तिने हौसेने आणलेलं आणि पहिल्याच दिवशी नको तिथं कात्री चालवून खोडावर जखम करून ठेवलेलं. पुढच्याच वर्षी तापाचं निमित्त झालं आणि पोर गेली. संध्या कितीतरी दिवस कळसाडीला माहेरी अंथरूण धरून होती. तेवढ्या काळात झाड जगवलं ते एकट्या मगनने.

तेव्हापासून त्याने त्याला कुणाचा हात लागू दिला नाही. साठवलेलं पावसाचं पाणी तेवढं घालायचा. निशा होती तेव्हा फुलं गडद लाल यायची, नंतर गुलाबी येऊ लागली. "पानी बदलनं का रंग बदलस," म्हणायचा. आणि रोज निशाच्या कात्रीच्या त्या खुणेवरून अंगठा फिरवल्याशिवाय चहाला बसायचा नाही.

आणि संध्याने काय करावं? पानांवर मावा दिसला म्हणून भोपळ्याच्या वेलाला टाकतात तशी चुलीतली राख टाकली, वर बोअरचं पाणी. मायेनेच केलं. पानं पिवळी पडली, मग करडी झाली. निशा दुसऱ्यांदा गेली आणि या वेळी आपल्याच हातून, असं वाटून ती झाडाशेजारी बसून रडली होती.

रोपवाटिकेतला नवनीत म्हणाला, "काकू, राख म्हंजे याले इखच. याले आंबट माती लागस." त्याने अझेलियाचंच एक जुनं झुडूप काढून दिलं. "पन फुलना रंग मी सांगू नही शकत."

"रंगनं मी दखी लिसू," संध्या म्हणाली. पाणी बदललं, हेच कारण आपणही सांगू, असं तिने मनात ठरवून टाकलं.

"आनि कपाशीना गत शेंडा खुडू नका. याना शेंडा नाजूक, जोर सगळा खालना फुटवामा."

जन्मभर कपाशीचे शेंडे खुडलेल्या हातांना हे उलटंच होतं. तरी तिने खालचे फुटवे छाटले, एकच खोड ठेवलं, जुन्या झाडासारखी डावी फांदी तारेने खाली ओढली. कुंडीही जुनीच घेतली.

राहिली होती ती खूण. भाजीच्या चाकूने तिने साल सोलली. आतून पांढरंफटक लाकूड हसलं. तिने त्यावर तव्याची काजळी आणि चिखल चोळला.

दाराशी रिक्षा थांबली.

मगनने पिशवीही खाली ठेवली नाही. काळा चष्मा काढून तो थेट कुंडीपाशी आला.

"तार कसाले?"

"वारामा फांदी हालनी व्हती," संध्या म्हणाली.

तो वाकला. पानं पाहिली, माती पाहिली. नव्या डोळ्यांनी इतकं निरखून पाहायची काय गरज, असं तिला ओरडावंसं वाटलं.

"च्या ठेवू का?"

त्याचा अंगठा खुणेवर गेला, थांबला. अंगठ्याला काजळी लागली. त्याने ती उजेडात धरून पाहिली. मग परसाकडे, उकिरड्यावरच्या वाळक्या खोडाकडे बराच वेळ पाहिलं.

संध्याने डोळे मिटून घेतले. ओरडला तर ओरडू दे, पण झाड फेकू नये.

"निशानी माय, चाकू लई ये."

तिने चाकू आणून पुढे केला. मगनने तो घेतला नाही. तिचाच हात धरून खोडाशी नेला.

"इतलं वरवर कोरशी ते दोन वरीसमा भरी जाई. तू माहेरले व्हती तवय मी कोरेल खूण बी भरी गयथी. जरा खोल काप."