टेबलाची फळी

बाथरूममध्ये बादलीत पाणी पडायला लागलं, तसा तिने पेचकस उचलला. वेळ फार नव्हता. नवरा चटकन आंघोळ उरकायचा आणि खोलीत परतून दार लावून घ्यायचा.

त्याच दाराच्या खालच्या बिजागरीचे स्क्रू निघाले. मधलीचेही निघाले. वरच्या बिजागरीवर मात्र रंगाचे थर बसले होते. पेचकस सटकला, बोटाचं सालटं निघालं. बाहेरच्या खोलीत खिडकीच्या गजाला बांधलेला झबरू कुंईकुंई करत येरझाऱ्या घालत होता. वरच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाई शाळेत जाता जाता त्याला सोडून गेल्या होत्या. आंघोळ घालायची, केस कापायचे आणि संध्याकाळी चकाचक करून परत द्यायचा.

आजूबाजूच्या कुत्र्यांना न्हाऊमाखू घालायचं काम तिने हौसेने सुरू केलं होतं. पण जमिनीवर बसून बसून गुडघे बोलायला लागले. टेबल हवं होतं. जुन्या शिलाई मशीनचं लोखंडी स्टँड होतं, वर टाकायला फळी नव्हती. सकाळपासून ती टेप घेऊन घरभर हिंडत होती. पलंग मोजला, कपाट मोजलं. “एक धड फळी नाही या घरात!” असं बंद दाराकडे तोंड करून मोठ्याने म्हणून झालं. आतून हूं नाही की चूं नाही.

नवरा बस चालवायचा. एक सायकलवाला त्याच्या बसखाली आला आणि गेला. चौकशीत नवऱ्याची चूक निघाली नाही. डेपोतून कामावर परत यायचं बोलावणंही येऊन गेलं. पण त्या दिवसापासून त्याने जे दार लावून घेतलं, ते लावूनच घेतलं. भाऊ समजावून थकले, मित्र दारावर थापा मारून परत गेले. तो जेवायला आणि आंघोळीला तेवढा बाहेर यायचा.

पाणी थांबलं.

तिने पेचकसाच्या मुठीवर हातोडी हाणली. स्क्रू कुरकुरला आणि फिरला. दार तिच्या अंगावर आलं. तिने ते फरफटत बाहेरच्या खोलीत नेलं, दोन खुर्च्यांवर आडवं टाकलं आणि करवत लावली.

नवरा टॉवेल गुंडाळून आला तो रिकाम्या चौकटीपाशी थबकला.

“दार कुठंय?”

“फळी नव्हती,” ती करवत न थांबवता म्हणाली.

“वेडबिड लागलंय का तुला? आत्ताच्या आत्ता परत बसव.”

“अर्धं कापून झालंय.”

तो कपडे करून आला आणि चौकटीला चादर लावून पुन्हा आत गेला. चादर वाऱ्याने उडत राहिली. तो पलंगावर बसला, उठला, भिंतीकडे तोंड करून बसला, पुन्हा उठला. बाहेरची ठोकाठोक थेट कानात येत होती.

तिने फळी स्टँडवर आवळली, वर रबरी चटई अंथरली आणि झबरूला कवेत घेऊन वर ठेवलं. टेबल डुगडुगलं. झबरूचे पाय फाकले, मागचा एक फळीवरून घसरला.

“अहो, धरा! पडतोय!”

चादर फाटकन बाजूला झाली. नवरा धावत आला आणि त्याने झबरूला दोन्ही हातांनी छातीशी घट्ट धरलं. कुत्रं थरथरत होतं. बराच वेळ दोघं तसेच राहिले.

“घाबरू नको रे,” तो झबरूच्या कानाशी म्हणाला. “मी आहे ना. काही होणार नाही तुला.”

तिने कंगवा घेतला.

थोड्या वेळाने त्याने पायाने स्टँड चाचपलं. “एक पाय अधांतरी आहे. पुठ्ठा आण एखादा.” तिने पुठ्ठा दिला. त्याने तो घडी घालून खाली सरकवला, टेबल हलवून पाहिलं आणि पुन्हा झबरूला धरून उभा राहिला. मग तो कुत्र्याशी बोलतच राहिला. घरात इतकं बोलणं कितीतरी महिन्यांत झालं नव्हतं.

तेवढ्यात बेल वाजली. बाहेर प्लायवूडच्या दुकानातला माणूस उभा होता. काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेली फळी.

“ताई, तुम्ही परवा सांगितलेली. अगदी मापात कापून आणलीय.”

तिने वळून आत पाहिलं, बाहेर पाऊल टाकलं आणि पाठीमागे दार ओढून घेतलं.

“परत न्या, दादा,” ती हळूच म्हणाली. “आणि कुणी विचारलंच, तर सांगा, महिनाभर दुकानात फळीच नव्हती.”