बॉथेलपर्यंतची गाठ

शंतनूचं लग्न झालं कॅरी गावात आणि त्याचं घर बॉथेलला, म्हणजे विमानाने साडेपाच तास. भटजींनी नवरीच्या शेल्याला त्याच्या उपरण्याची गाठ मारली, तेव्हाच त्याच्या आईने, उल्काकाकूंनी, बजावलं, "घरच्या देवांना नमस्कार होईपर्यंत ही सुटता कामा नये!" तुम्ही म्हणाल थापा मारतो, पण दोघं तशीच बांधलेली एअरपोर्टवर आली. रांगेत मी मागेच होतो ना!

सिक्युरिटीवाला म्हणाला, "एकेकाने या." रांग खोळंबली, लोक घड्याळं बघायला लागले, काकूंना घाम फुटला.

"आई, फ्लाइट मिस होईल यार! सोडू का?"

"हात तर लावून बघ!"

शेवटी नेत्राने, म्हणजे नवरीनेच, आपला शेला आणि नवऱ्याचं उपरणं दोन्ही उतरवलं आणि गाठीसकट ट्रेमध्ये ठेवलं. गाठ पलीकडे शाबूत निघाली. काकूंनी झडप घालून ती छातीशी धरली, तरी त्यांचा जीव काही थाऱ्यावर येईना.



गाठ जराही सैल पडू नये म्हणून विमानात अख्खा प्रवास त्या स्वतः नवरा-नवरीच्या मधे बसल्या.