उसना नमुना

गृहस्थ पत्त्याचा कागद खिशात घालून गेले, आणि मग कुलूपबाईंना ती घडी आठवली.

शेवाळाचा नमुना ठेवायच्या कागदी पाकिटाला ठरलेली घडी असते. तळ वर दुमडायचा, दोन्ही कडा मागे, झाकण सगळ्यात शेवटी. शेवाळ अभ्यासक मंडळाचा कुठलाही सभासद हे झोपेतसुद्धा चुकत नाही. या गृहस्थांनी मात्र आपलं पाकीट किराणा दुकानातल्या पुडीसारखं भलत्याच बाजूनं ओढून उघडलं होतं.

म्हणजे हा माणूस मंडळातला नव्हताच. बाईंनी दाराशी धाव घेतली, पण गृहस्थ केव्हाच दिसेनासे झाले होते.

कुलूपबाई हे नाव त्यांना सभासदांनीच ठेवलं होतं. सभासदांची सगळी माहिती बाईंच्या ताब्यात असे, आणि तिच्यातलं एक अक्षरही बाहेर पडत नसे. एकदा खुद्द अध्यक्षांनी फोनवरून स्वतःचाच नोंदवलेला पत्ता विचारला, तर बाई म्हणाल्या, "ओळखपत्र घेऊन या." नियमही बाईंनीच केला होता. कुणाला काही द्यायचं असेल तर ते कचेरीत ठेवा, आम्ही पोचवू.

आणि आज? आज ते गृहस्थ दारातल्या पायपुसण्यावर बूट घासत उभे राहिले. सावकाश, आधी एक टाच, मग दुसरी. बाकी सभासद रानोमाळ भटकून यायचे ते चिखलासकट थेट आत. फरशी पुसून पुसून बाई मेटाकुटीला आल्या होत्या. त्या पायपुसण्याची इतकी कदर आजवर कुणी केली नव्हती. बाई तिथंच विरघळल्या.

"ताईंचा नमुना उसना नेला होता," गृहस्थ म्हणाले. "परत केल्याशिवाय मला चैन पडायचं नाही."

"इथं ठेवा. मी पाठवते."

"वाटेत चुरा होईल हो त्याचा. शिवाय उशीर झालाय. समोर उभं राहून माफी मागावी म्हणतो."

उसना नमुना बुडवणं म्हणजे मंडळात महापाप. तेवढ्यावरून दोन नामवंतांनी एकमेकांची तोंडं पाहणं सोडलं होतं. इथं तर माणूस आपण होऊन परत करायला आलेला. बाईंनी पत्ता लिहून दिला.

ताई मंडळातली सगळ्यात तरुण अभ्यासक. सभासद व्हायला आली तेव्हा तिचा हात गळ्यात बांधलेला होता. "माझा पत्ता कुणाला देऊ नका," ती म्हणाली होती. "नवऱ्याला तर मुळीच नको. पुन्हा सापडले तर नुसत्या हातावर भागायचं नाही."

"इथून पत्ता बाहेर पडला तर माझं नाव बदला," बाई तेव्हा ऐटीत म्हणाल्या होत्या.

आता खरं तर अध्यक्षांना कळवायचं, त्यांनी पोलिसांना. पण सांगायचं काय? कुलूप बुटाच्या दोन टाचांवर उघडलं म्हणून? शरमेनं बाईंचा हात फोनवरून मागे आला. माती मी खाल्ली, आता निस्तरायचंही मीच. ताईनं फोन नंबर नोंदवलाच नव्हता. बाईंनी पर्स उचलली, टॅक्सी केली आणि वाटभर स्वतःला शिव्या घातल्या.

पत्त्यावर घर नव्हतंच. शिवणकामाचं छोटं दुकान होतं. मशीनवर बसलेल्या काकूंनी मान वरसुद्धा केली नाही. "ताई? अशी कुणी राहत नाही इथं."

मग त्यांची नजर बाईंच्या गळ्यातल्या ओळखपत्रावर गेली.

"अगंबाई, मंडळातून आलात होय! तुमचाच अंक येतो ना तिला? टपालापुरता माझा पत्ता देते ती. पोरगी हुशार आहे."

"एक गृहस्थ आले होते का इथं?"

"आत्ताच येऊन गेले. काय गोड बोलत होते! मी म्हटलं, मी नाही ओळखत, दुसरीकडे विचारा. हिरमुसले बिचारे. कोपऱ्यापर्यंत जाताना पाहिलं मी त्यांना."

बाईंचा जीव भांड्यात पडला. तशाच माघारी फिरल्या असत्या तरी चाललं असतं. पण मन खात होतं. ताईला सावध करायला हवं, आणि तिच्यासमोर उभं राहून माफी मागितल्याशिवाय बाईंनाही चैन पडणार नव्हतं.

काकूंनी ओळखपत्र पुन्हा एकदा नीट वाचलं. मग रस्त्यावर येऊन हात लांब करून दाखवलं. "ती पिवळी इमारत बघा. दुसरा मजला, उजवीकडचं दार."

ताईनं साखळी न काढता फटीतून पाहिलं. बाईंना धीर निघेना. जिन्यातच त्यांनी सगळं सांगून टाकलं. "मी दिला गं पत्ता. मीच दिला. मला माफ कर पोरी." बोलता बोलता त्यांना रडू फुटलं.

ताईच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. "काकूंनी काय सांगितलं त्याला?"

"ओळखत नाही म्हणून."

"मग तो गेला?"

"काकूंनी स्वतः पाहिलं त्याला जाताना."

ताईनं कोंडलेला श्वास सोडला. "मग झालं तर. हे घर एकट्या काकूंना माहीत आहे. आणि आता तुम्हाला." ती चक्क हसली. "रागावू नका, पण कधीतरी कुणीतरी चुकेल, हे धरूनच मी तो पत्ता दिला होता."

"रागावते कसली! बरं केलंस माझी बाय." बाईंनी पदरानं डोळे पुसले. आपल्यावर कुणी विश्वास ठेवला नव्हता याचा इतका आनंद त्यांना आयुष्यात कधी झाला नव्हता. "आता माझं नाव तेवढं बदला."

"नाही बदलत जा. या, आत या. पाणी तरी घ्या."

तिनं साखळी काढली आणि दार सताड उघडलं.

खाली, जिन्याच्या तोंडाशी, कुणीतरी पायपुसण्यावर बूट घासत होतं. सावकाश, आधी एक टाच, मग दुसरी.