मांजर कुणाची

वेगळं व्हायचं ठरल्यावर भांडी, पुस्तकं, अगदी पडदेसुद्धा आम्ही कचाकचा भांडून वाटून घेतले. मांजरीवर मात्र गाडी अडली.

"ती सदा माझ्या कॉम्प्युटरवर पसरलेली असते. तुझ्याकडे ढुंकून तरी बघते का? मुक्या जनावराला माणूस बरोबर कळतो," नवरा म्हणाला. शेवटी ठरलं, रविवारी दुपारी ती ज्याच्या टेबलावर झोपेल, त्याची.

कॉम्प्युटर दोघांचे सारखेच, वीतभर डबे. त्याचा दिवसभर गेम खेळून तापायचा आणि घोंघावायचा. सेटिंगमधलं त्याला ओ की ठो कळत नाही. शनिवारी मीच म्हटलं, "सरक, जाता जाता एवढं करून देते." प्रोसेसरने किती वीज खायची, ती मर्यादा निम्म्यावर आणली. पंखा गप्प झाला, डबा गार पडला.

"चला, संसारात एक तरी काम धड केलंस," तो म्हणाला.

रविवारी दुपारी मांजर माझ्या डब्यावर पाय ताणून झोपली.

"मुक्या जनावराला माणूस बरोबर कळतो," मी म्हणाले.



माझ्या डब्याची मर्यादा वाढवून मी त्याला सकाळपासून कामाला जुंपलं होतं, हे काही मुकं जनावर सांगणार नव्हतं.