डिंकाचे लाडू

कर्वेनगरच्या इंदुबाईंची लेक भाग्यश्री डब्लिनला शाळेत शिकवायची. शेजारची निशा कंपनीच्या कामासाठी तिकडेच निघाली, तेव्हा इंदुबाई डिंकाच्या लाडवांचा भला मोठा डबा घेऊन तिच्या दारात उभ्या राहिल्या.

"काकू, माझे कपडे इथेच ठेवून जाऊ का?" निशा हसली. "आणि आजी झालात, पण पेढ्यांचा पत्ता नाही!"

इंदुबाईंनी डब्याचं झाकण पुन्हा दाबून पाहिलं.

"पेढे नाहीत गं. बाळ जन्मलं, पण रडलंच नाही. आता बाळंतपणाची सुट्टी असूनही ही वर्गावर जाऊन दिवसभर उभी राहते. फोनवर मलाच विचारते, 'आई, आता लाडू कशाला?'"

निशाने बॅग उघडली.



"तिला म्हणावं, लाडू बाळ खातं का कधी? बाळंतीणच खाते."