काटा-सुरीची खूण

बन्यामीननं प्लेट उचलली, तसं गोऱ्यानं त्याचं मनगट करकचून धरलं आणि तो काहीतरी ओरडला. रस्सा बन्यामीनच्या वेटरच्या पांढऱ्या कोटावर सांडला. दौंड स्टेशनाच्या रिफ्रेशमेंट रूममधली सगळी टेबलं वळून बघू लागली.

काटा आणि सुरी प्लेटीत शेजारी-शेजारी ठेवली, की साहेबाचं जेवण संपलं. तोंडानं काही बोलायचं नसतं. तीस वर्षं बन्यामीन ही खूण वाचत आला होता. इंग्रज गेले, तरी खूण तीच होती. पण हा गोरा इंग्रज नव्हता. साखर कारखान्याची यंत्रं बसवायला कुठल्याशा लांबच्या मुलखातून आलेला फिटर. इंग्रजीसुद्धा त्याला कळत नव्हतं.

मॅनेजर हौसराव धावत आला. एरवी बन्यामीनला मामा म्हणणारा तो आज चारचौघांत एकेरीवर आला. "जेवत्या माणसाच्या पुढनं ताट वढतोस? माफी माग त्याची!"

"त्यानं खूण केली व्हती," बन्यामीन म्हणाला. "ज्याला खायची रीत न्हाई, त्याची म्या माफी मागू?"

"मग पट्टा काढून ठेव आन् घरी जा!"

बन्यामीनच्या कानशिलावरची शीर तटतटली. त्यानं कमरेचा पट्टा सोडला. पण जायच्या आधी गोऱ्याला दोन शब्द ऐकवायचेच, म्हणून तो टेबलाकडे वळला. भाषा कळो न कळो, शिवी कुणालाही कळते.

गोऱ्यानं प्लेट परत ओढून घेतली होती. डावा हात तिच्याभोवती कुंपणासारखा घालून तो वाकून खात होता. एक घास गिळायच्या आत दुसरा कोंबत होता. नजर चहूकडे भिरभिरत होती. मग हळूच त्यानं पावाचा तुकडा सदऱ्याच्या खिशात सारला.

शिवी बन्यामीनच्या ओठांवरच राहिली.

तो आत गेला. अख्खा पाव आणून त्यानं टेबलावर ठेवला, दोन पावलं मागं सरला आणि दोन्ही हात पाठीशी नेले. गोरा त्याच्या तोंडाकडे बघत राहिला. त्याचा डावा हात हळूहळू सैल झाला.

"मागितलीस माफी?" हौसरावानं दरडावलं.

"व्हय. मागितली."

मोठ्या दुष्काळात आई-बाप गेले, तेव्हा सहा वर्षांच्या बन्यामीनला शिरूरच्या मिशनात आणलं होतं. पहिल्याच दिवशी त्याच्या ताटलीला हात लावला म्हणून तो वाढणाऱ्या मडमेला कडकडून चावला, आणि रक्ताळलेला हात पाठीशी घेऊन ती अशीच दोन पावलं मागं सरली होती.