ओंडक्याचा पाळणा

सुरजच्या रांजणगावच्या कंपनीत मशिनखाली टेकू म्हणून आफ्रिकेचं तांबडं लाकूड आलं होतं. त्यातल्या टाकून दिलेल्या फळ्या त्यानं केंदूरला घरी आणल्या. करवतीचे दात गेले, पण इमाम मिस्त्रीनं त्यांचा पाळणा केला. घाम पुसत तो सुरजच्या आईला म्हणाला, "कुशाआक्का, ह्याला वाळवी खात न्हाई. पाण्यात टाकलं तर दगडावानी तळाला जातं."

"मला असंच पायजे," कुशाबाई म्हणाली.

सून हर्षदाची आधीची दोन लेकरं गेली होती. एकदा डॉक्टर जागेवर नव्हता, एकदा गाडी मिळाली नाही, आणि देवाला तर गरिबाघरी यायला सवडच नसते. अशा घरात पोर जगावं म्हणून दगडू, धोंडू असलं नाव ठेवतात. बारशाला कुशाबाईनं बाळाच्या कानात सांगितलं, ओंडक्या.

पाळणा टांगायला चार माणसं लागली होती. महिन्याभरात हर्षदा तो करंगळीनं हलवू लागली. बाळ मात्र उचलवेना. पाजताना तिच्या मांड्या बधिर व्हायच्या.

"आत्या, पोर लई जड झालंय."

"अंगी लागतंय. तूच दृष्ट लाव आता."

लसीच्या दिवशी हर्षदानं बाळ कसंबसं उपकेंद्रात नेलं. नर्सबाईंनी मांडीत सुई टोचली. बाळ रडलं नाही. सुई वाकली.

"धरा नीट," म्हणत त्या दुसरी सुई आणायला वळल्या.

टोचलेल्या जागी रक्त नव्हतं. तिथून बारीक तांबडा भुसा गळत होता.

नर्सबाई परत वळायच्या आत हर्षदानं तो पदरानं पुसून टाकला.